नवी मुलं येतात, पण दुसऱ्यांदा येत नाहीत

ताई,
मी मुलुंडला राहतो. दिवसा नोकरी आणि रात्री एक ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प, असं गेली सहा वर्षं चाललंय. छोट्या वाचनालयांना पुस्तकांची देवघेव, सभासदांची वर्गणी, अनामत रक्कम हे सगळं संगणकावर ठेवता यावं म्हणून मी हे सॉफ्टवेअर लिहिलं. सध्या सात वाचनालयं ते वापरतात. आता एकट्याला झेपत नाही, म्हणून गेल्या वर्षी दादरला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये चार रविवार कार्यशाळा घेतल्या, सकाळी अकरा ते दोन. चारही मिळून ६३ जण आले, बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं. त्यातल्या अकरा जणांनी नंतर बदल पाठवले. नऊ बदल रीडमीमधल्या, म्हणजे प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलीतल्या, स्पेलिंगचे होते. दोघांनी खरा कोड पाठवला, पण तो इतका कच्चा होता की मी त्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल आत घेण्याच्या विनंत्या, बंद केल्या आणि ते काम स्वतःच करून टाकलं. दुसरा बदल कुणीच पाठवला नाही. या मुलांना फक्त सर्टिफिकेट हवं असतं का? की माझंच काही चुकतंय? कधी कधी वाटतं, जो कुणी उत्साही भेटेल त्याच्या हातात किल्ल्या द्याव्यात आणि मोकळं व्हावं.
– मुलुंडचे एक वाचक

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि उत्तर लिहायला बसण्याआधी एक प्रयोग केला. पत्रासोबत तुम्ही प्रकल्पाचा पत्ता दिला होता. माझी भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अंबरनाथहून रोज कॉलेजला ये-जा करते. शनिवारी ती घरी आली होती. तिला म्हटलं, तुझ्या लॅपटॉपवर हे सॉफ्टवेअर चालू करून दाखव, रीडमीत लिहिलंय तेवढंच करायचं. मी शेजारी वही घेऊन बसले. कीबोर्डला हात लावायचा नाही आणि तिने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. हे दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी तिने सुरुवात केली. पहिलीच आज्ञा गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची, आणि तिच्या विंडोजवर गिटच नव्हतं. ते उतरवून घेताना इन्स्टॉलरने दहाएक पडद्यांवर प्रश्न विचारले, आणि प्रत्येक पडद्यावर ती थांबून माझ्याकडे बघत होती. मग पायथॉन, म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलंय ती. रीडमीत नुसतं ‘पायथॉन ३’ लिहिलंय. तिच्याकडे सगळ्यात ताजी आवृत्ती होती आणि तुम्ही वापरलेली एक लायब्ररी (म्हणजे इतरांनी लिहिलेला, आपल्या कोडमध्ये वापरायचा भाग) त्या आवृत्तीसाठी तयार स्वरूपात मिळतच नाही. पडदाभर लाल अक्षरं आली आणि सगळ्यात खाली मायक्रोसॉफ्टचा सी प्लस प्लस कंपायलर हवा अशी ओळ. पायथॉनच्या प्रकल्पाला सी प्लस प्लस कशाला लागतं हे दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कुठून कळणार? तिथे चाळीस मिनिटं गेली. त्यानंतर तुमची चौथी पायरी आली. तुम्ही इंग्रजीत लिहिलंय, त्याचा अर्थ असा की ‘डेटाबेस नेहमीप्रमाणे तयार करून घ्या’. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?”

शेवटी सेटिंगची फाइल. तिच्यात पासवर्ड असतात, म्हणून तुम्ही ती गिटच्या बाहेर ठेवली आहे, ते बरोबरच केलंत. पण तिचा नमुना कुठेच नाही. कोणत्या ओळी लिहायच्या हे शोधायला तिला तुमचा कोड उघडावा लागला. लॉगिनचं पान दिसलं तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. दोन तास चाळीस मिनिटं, तीही घरच्या वायफायवर, मधे चहा आणि मावशी हाताशी असताना. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मी वहीत अधोरेखित केलंय. लाल अक्षरांशी झगडताना ती म्हणाली, “माझ्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी घोळ आहे.”

तुमच्या ६३ जणांपैकी बहुतेक जण हेच वाक्य मनात घेऊन घरी गेले असणार असं मला वाटतं. आपल्यालाच जमत नाही असं ज्याला वाटतं तो तक्रार करत नाही. तो निरोपही न घेता जातो. तुम्हाला हे दिसलं नाही याचंही कारण मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः तसंच वागायची. हॉलमध्ये कुणी अडलं की आपण प्रेमाने त्याचा लॅपटॉप आपल्याकडे वळवतो, पाच आज्ञा भराभर टाइप करतो आणि ‘झालं बघ’ म्हणून पुढच्या टेबलाकडे जातो. त्याचं काम होतं, पण तो घरी जाऊन तेच पुन्हा करू शकत नाही. आपल्यालाही आपला उंबरठा किती उंच आहे ते कळत नाही.

म्हणून पाचवी कार्यशाळा घेण्याआधी एकाच नवख्या माणसाशेजारी असे तीन तास बसा. तो जिथे थांबेल तिथे वहीत वेळ लिहा. त्या वहीतली प्रत्येक ओळ हा तुमच्या प्रकल्पातला दोष आहे, आणि कोडमधल्या दोषाइतक्याच तातडीने तो दुरुस्त व्हायला हवा. माझ्या वहीतल्या ओळी तुम्हाला पाठवते आहे. पायथॉनची नेमकी आवृत्ती लिहा. सेटिंगच्या फाइलचा नमुना ठेवा. शिकणाऱ्यासाठी वेगळा डेटाबेस सर्व्हर नको, एसक्यूलाइट चालू द्या, तो एका फाइलीत मावतो आणि वेगळा बसवावा लागत नाही. सोबत पन्नास पुस्तकं आणि दहा सभासद असा खोटा डेटा द्या, म्हणजे लॉगिन केल्यावर रिकामा पडदा दिसणार नाही. आणि ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द काढून टाका.

आता त्या नऊ स्पेलिंगबद्दल. मुलांनी स्पेलिंग दुरुस्त केली, कारण सॉफ्टवेअर चालू न करता करता येण्यासारखं तेवढं एकच काम त्यांच्यासमोर होतं. तुम्ही ‘नवख्यांसाठी’ असं लेबल लावलेले इश्यू, म्हणजे करायच्या कामांच्या नोंदी, मी पाहिले. एकाचं शीर्षक आहे ‘देवघेवीचा भाग सुटसुटीत करणे’, खाली एकही ओळ नाही. हे काम तुम्हाला सोपं आहे, कारण तो भाग तुम्ही लिहिलाय. नवख्याला काय दुखतंय ते कळलं पाहिजे, कुठल्या फाइलीत बघायचं ते कळलं पाहिजे, आणि झालं की नाही हे त्याचं त्याला तपासता आलं पाहिजे.

असं एक काम माझ्या भाचीलाच सापडलं. लॉगिन झाल्यावर तिने गंमत म्हणून कॉलेजातल्या मैत्रिणीला सभासद केलं, नाव टाकलं ज्ञानेश्वरी, आणि कार्ड छापायची आज्ञा दिली. कार्डावर आलं ज्ञानेश्वर. मुलीचा मुलगा झाला. आधी आम्हाला वाटलं टाइप करताना चूक झाली. मग कोड पाहिला. कार्डावर जागा कमी म्हणून तुम्ही नाव दहा अक्षरांवर कापता. पण पायथॉन अक्षरं मोजत नाही, तो युनिकोडमधली, म्हणजे सगळ्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली, चिन्हं मोजतो. आपण वाचताना ज्ञा, ने, श्व, री अशी चार अक्षरं वाचतो. संगणकाला ती ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र आणि दीर्घ ईकार अशी अकरा दिसतात. अकरावं कापलं गेलं, म्हणजे नेमका शेवटचा ईकार.

हा इश्यू मराठी येणाऱ्या कुणालाही एका क्षणात कळतो. काउंटरवर कार्ड हातात घेणाऱ्या मुलीला काय वाटेल तेही कळतं. दुरुस्ती वीसेक ओळींची आहे, आणि ती करताना युनिकोड म्हणजे काय हे शिकता येतं, जे कॉलेजात अर्ध्या तासात उरकतात. त्यात मार्गदर्शक म्हणून तुम्ही एवढंच लिहून ठेवा की जोडाक्षर अख्खं एक धरायचा नियम युनिकोडच्या ठरलेल्या नियमांत देवनागरीसाठी २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुनी लायब्ररी वापरली तर ज्ञा अजूनही दोन तुकड्यांत मोजला जाईल. अनुभवी माणसाला ठाऊक असलेली अशी एक खाचाखोच आधीच सांगितली की नवख्याचे दोन दिवस वाचतात. असे पाच इश्यू लिहा. एक नीट लिहायला तासभर लागेल. तो तास तुम्ही स्वतः कोड लिहिण्यापेक्षा जास्त कामी येईल, आणि ती पाच कामं कितीही हात शिवशिवले तरी स्वतः करू नका.

आता ज्या दोघांनी खरा कोड पाठवला त्यांच्याबद्दल. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ६३ जणांपैकी हे दोघे सगळे अडथळे ओलांडून आत आले होते. त्यांचं काम कच्चं असणारच. तुम्ही त्यांची पुल रिक्वेस्ट बंद केलीत आणि तेच काम तुमच्या नावाने टाकलंत. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं, रात्रीचे साडेअकरा वाजले असतील आणि समजावण्यापेक्षा करून टाकणं सोपं वाटलं असेल. पण त्या मुलाच्या बाजूने बघा. त्याने आठ दिवस घालवले आणि प्रकल्पाच्या इतिहासात त्याचं नाव कुठेच नाही.

मी हे भोगलंय. २०११ मध्ये मी एका बऱ्यापैकी मोठ्या प्रकल्पाला माझा पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला. चार महिने उत्तर नाही. रोज लोकलमध्ये बसले की फोनवर मेल बघायची, कुर्ला येईपर्यंत तीनदा. मग एका ओळीचा निरोप आला की हे दुसऱ्या कुणीतरी केलंय, म्हणून बंद करतोय. त्या प्रकल्पाकडे मी पुन्हा फिरकले नाही. त्याच वर्षी दुसरीकडे एका सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतरातल्या तीन ओळी दुरुस्त करून पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर: धन्यवाद, यातली तिसरी ओळ बटणावर मावणार नाही, छोटी करून द्याल का? मी करून दिली. तिथे मी नऊ वर्षं काम केलं. दोन्हीकडे मी तीच होते.

फायरफॉक्सवाल्या मोझिलाने आपल्याकडच्या नोंदी तपासल्या तेव्हाही हेच आढळलं होतं. ज्यांच्या पहिल्या कामाचं परीक्षण ४८ तासांत झालं ते मोठ्या प्रमाणावर परत आले, आणि ज्यांना सात दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागलं ते जवळपास कुणीच परतले नाहीत. तुम्ही नोकरी करता, रोज दोन तास परीक्षणाला देऊ शकणार नाही, मान्य. पण ‘मिळालं, शनिवारी नीट बघतो’ हे लिहायला मुलुंड ते घाटकोपर एवढा प्रवास पुरतो. शनिवारी मात्र खरोखर बघा. बघताना वीस चुका दिसल्या तर त्यातल्या दोन सांगा, बाकीच्या पुढच्या खेपेला. आणि कधी खरंच स्वतः लिहावं लागलं तर गिटमध्ये त्याची सोय आहे. लिहिणारा कोण आणि आत घेणारा कोण ही दोन नावं गिट वेगळी ठेवतं. दोघांनी मिळून केलेल्या कामाच्या कमिटखाली, म्हणजे गिटमधल्या नोंदीखाली, ‘को-ऑथर्ड-बाय’ अशी ओळ टाकून दुसऱ्याचं नाव देता येतं. त्या दोघांना आज मेल करा. काय झालं ते सरळ सांगा, दिलगिरी व्यक्त करा आणि एकेक नवं काम द्या. एखादा तरी परत येईल असं मला मनापासून वाटतं.

सर्टिफिकेटचं म्हणाल, तर हो, काहींना ते हवं असतं. त्यात काय वाईट? बदलापूरहून दीड तास उभ्याने प्रवास करणाऱ्या, केटी (नापास विषय मागे राहणे) न लागता प्लेसमेंटपर्यंत पोचायची धडपड करणाऱ्या मुलाला आपल्या अर्जात एक ओळ वाढावी असं वाटलं, तर मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र कागद किंवा बक्षीस हेच आमंत्रण केलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. ‘हॅक्टोबरफेस्ट’ या ऑक्टोबरातल्या उपक्रमात काही पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये निरर्थक बदलांचा इतका पूर आला की ज्या प्रकल्पांची संमती आहे त्यांचेच बदल मोजायचे, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला. तुम्ही सर्टिफिकेट द्या, पण बदल मर्ज झाल्यावर, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला गेल्यावर, आणि त्यात त्या मुलाने नेमकं काय दुरुस्त केलं ते लिहा. मुलाखतीत त्याला त्यावर दहा मिनिटं बोलता येईल. पुढे कुणाला झेप घ्यायची असेल तर ‘गुगल समर ऑफ कोड’ आहे, २००५ पासून चालू आहे, आणि २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही.

कार्यशाळेच्या वेळेबद्दल थोडंसं. रविवारी अकरा वाजता मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो हे मुलुंडकराला मी काय सांगू! कल्याणपलीकडची मुलं बारा वाजता पोचतात आणि दोन वाजता परतीच्या गाडीच्या काळजीत असतात. शनिवार दुपार ठेवा. सबमिशन आणि परीक्षांचे दिवस टाळा, गणपतीचे तर सोडूनच द्या. आणि ६३ जण नकोत. चार जणांना बोलवा, तेच चार पुढच्या शनिवारी, आणि त्याच्या पुढच्याही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला सांगायचीच आहे. तुमचे इश्यू, चर्चा, सगळं इंग्रजीत आहे. कोड इंग्रजीत असू दे, कमिटचा निरोपही असू दे. पण पहिला प्रश्न मराठीत विचारला तरी चालेल, असं रीडमीच्या वरच लिहा. चारचौघांना दिसेल अशा जागी मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारायला मुलं लाजतात आणि मग विचारतच नाहीत. शिवाय मराठी चालू झालं की तुमच्या सात वाचनालयांतले ग्रंथपाल आत येतील, ज्यांना तुम्ही आजवर फक्त वापरकर्ते समजत आलात. दाखल क्रमांक कसा लिहितात, पुस्तक हरवलं तर अनामतीतून किती कापतात, ड वर्गाच्या वाचनालयाला तपासणीच्या वेळी कोणता तक्ता लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? ‘कोहा’ हे जगभर वापरलं जाणारं वाचनालयांचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालय संस्थेच्या गरजेतून सुरू झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे कामाला लागलं. कोहा हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट, पण पाहुण्याने आणलेली आणि पुढे केव्हातरी परतफेड होईल असं गृहीत धरलेली भेट. काउंटरवरच्या बाईंनी लिहिलेला एक नीट इश्यू ही तशी परतफेड आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये अशा सॉफ्टवेअरचे धडे आहेत आणि कितीतरी धडे मराठीतूनही मिळतात. ग्रंथपालांना तिथून सुरुवात करू द्या.

राहिला किल्ल्यांचा प्रश्न. थकवा खरा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेलं ‘एक्सझेड’चं प्रकरण जरा आठवा. लिनक्सवर सगळीकडे असलेलं हे छोटं सॉफ्टवेअर एकटा थकलेला माणूस सांभाळत होता. बदल लवकर का होत नाहीत म्हणून त्याच्यावर दबाव आला, मदतीला एक उत्साही माणूस पुढे झाला, त्याने दोनेक वर्षं सालस काम केलं, अधिकार मिळवले आणि मग त्यात चोरवाट घुसवली. दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा एका इंजिनिअरला प्रश्न पडला म्हणून ते सापडलं. तुमच्याकडे सात वाचनालयांतल्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. तेव्हा अधिकार टप्प्याटप्प्याने द्या. आधी इश्यूंना लेबल लावायचा, मग इतरांचं काम तपासायचा, वर्षभरानंतर मर्ज करायचा. आणि एकाऐवजी दोघांना द्या, म्हणजे एकाचा बदल दुसऱ्याच्या नजरेखालून जाईल. तोवर नव्या सुविधा थांबवल्यात तरी वाचनालयांचं अडणार नाही. मी दोघा ग्रंथपालांशी बोलले, त्यांना हवंय ते एवढंच की आहे ते चालत राहावं.

बुधवारी रात्री पावणेबाराला तुमच्याकडे एक पुल रिक्वेस्ट आली असेल, ज्ञानेश्वरीच्या ईकाराची. भाचीने केली आहे, मी मदत केलेली नाही. एक चाचणी नापास होते आहे आणि तिने व्हेरिएबलला नाव दिलंय ‘नाव२’, तेही रोमन लिपीत. आज शुक्रवार. काल सकाळी आणि आज सकाळी तिने मला अंबरनाथ स्टेशनवरून फोन करून विचारलं, “मावशी, त्यांचं काही उत्तर आलं का गं?”